शिलकीतला वेग

मे महिन्यातल्या दुपारी अकोल्यातल्या घरात संगणक चालू असतो, तेव्हा त्याच्या पोटातला पंखा कोणती हवा आत ओढतो याचा विचार फारसा कोणी करत नाही. बाहेर पारा पंचेचाळिशी ओलांडतो. मे २०२४ मध्ये तर उन्हाच्या तडाख्यामुळे जिल्हा प्रशासनाने अकोल्यात १४४ कलम लावलं होतं. कुलर बंद असलेल्या खोलीतली हवा अशा वेळी चाळीस-बेचाळीस अंशांची असते. प्रोसेसरवरचा पंखा ती गार करत नाही, नुसती धातूच्या पात्यांमधून फिरवतो. म्हणून प्रोसेसर खोलीपेक्षा गार कधीच होत नाही. खोलीच्या वर तो किती चढतो, एवढंच आपल्या हातात राहतं.

प्रोसेसरचा वेग कंपनीने ठरवून दिलेल्या आकड्याच्या पुढे नेण्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. अमरावती-अकोल्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतले पोट्टे हे शिकतात ते जगभरातल्या सल्ल्यांवरून, आणि ते सल्ले बहुतेक करून बावीस-पंचवीस अंशांच्या खोलीत बसून लिहिलेले असतात. ते जसेच्या तसे उचलले तर वऱ्हाडातला नवशिका सुरुवातच पंधरा-वीस अंशांच्या तुटीत करतो. ही तूट नेमकी कशातली, हे कळायला या उद्योगाचं कूळ तपासावं लागतं. त्याच्या प्रत्येक पिढीत वाद एकाच गोष्टीचा आहे: प्रोसेसर बनवणाऱ्याने वेगाची किती शिल्लक राखून ठेवली, आणि ती खर्च करायचा हक्क कोणाचा.

या कुळाचा मूळपुरुष म्हणजे क्वार्ट्झचा एक बारीकसा स्फटिक. दाब आणि वीज यांचं स्फटिकातलं नातं पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. स्फटिकाला वीज दिली की तो ठरावीक गतीने थरथरतो, आणि त्या थरथरीच्या तालावर प्रोसेसर एकेक पाऊल टाकतो. १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्यातला स्फटिक १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा होता. आकडा असा विचित्र का? तर अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीच्या रंग-संकेताची वारंवारता याच्या बरोबर एक चतुर्थांश होती. एकाच स्फटिकात टीव्हीचं चित्रही भागावं आणि प्रोसेसरही चालावा, म्हणून आयबीएमने त्या आकड्याला तिनाने भागलं आणि ४.७७ मेगाहर्ट्झ घेतले. आतला इंटेल ८०८८ हा प्रोसेसर ५ मेगाहर्ट्झसाठी बनवलेला होता. म्हणजे घरगुती संगणकाच्या पहिल्याच पिढीत थोडी शिल्लक पडून राहिली होती, आणि तीही प्रोसेसरच्या कुवतीमुळे नव्हे, एका स्फटिकाचा खर्च वाचवण्यासाठी.

ती शिल्लक लोकांच्या डोळ्यांत भरली १९८४ मध्ये. त्या वर्षी आलेल्या आयबीएमच्या एटी संगणकात १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक होता आणि ८०२८६ प्रोसेसर त्याच्या निम्म्या, म्हणजे ६ मेगाहर्ट्झ वेगाने चालत होता. स्फटिक सोल्डर केलेला नव्हता, खोबणीत बसवलेला होता. जाणकारांनी तो उपसून तिथे १६ मेगाहर्ट्झचा घातला आणि संगणक ८ मेगाहर्ट्झवर धावू लागला. फार थोड्या खर्चात वेग एक तृतीयांशाने वाढला. आयबीएमला हे रुचलं नाही. नंतरच्या यंत्रांच्या रॉममध्ये कंपनीने अशी तपासणी घातली, की वेग ठरल्यापेक्षा जास्त दिसला तर संगणक सुरूच होऊ नये. ओव्हरक्लॉकिंगच्या कुळातली पहिली भाऊबंदकी ही. पुढची चाळीस वर्षं ती याच वळणाने चालत आली आहे.

नव्वदच्या दशकात ज्यांनी शाळा-कॉलेजच्या लॅबमध्ये संगणक पाहिले, त्यांना पेटीवरचं टर्बोचं बटण आठवत असेल. ते याच घराण्यातलं, पण उलट्या स्वभावाचं. जुने खेळ आणि काही प्रोग्राम ४.७७ मेगाहर्ट्झच्या तालावर बेतलेले होते. वेगवान यंत्रावर ते सुसाट सुटत आणि हाताळता येत नसत. म्हणून वेग खाली आणायला हे बटण. शेजारी लाल-हिरव्या दिव्यांत जो आकडा दिसे तो काहीही मोजत नव्हता, जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, लावून जो ठरवला तोच दाखवत होता. मला हा तपशील महत्त्वाचा वाटतो. वेगाचा दिसणारा आकडा आणि खरोखर होणारं काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही समज नवशिक्याला पुढे पदोपदी लागते.

आता ही शिल्लक मुळात असते कशी, ते पाहू. सिलिकॉनच्या एका गोल चकतीवर शेकडो प्रोसेसर एकदम छापले जातात. सगळे सारखे उतरत नाहीत. काही कमी व्होल्टेजवर जास्त वेग धरतात, काही रडतखडत चालतात. कंपनी त्यांची तपासणी करते आणि प्रतवारी लावते. आकडा ठरवताना ती सर्वांत वाईट परिस्थिती धरते: पेटीत हवा खेळत नाही, पंख्यावर धूळ बसली आहे, वीजपुरवठा डळमळता आहे, यंत्र पाच-सात वर्षं जुनं झालं आहे, आणि खोली तापलेली आहे. एवढं सगळं जमून आलं तरी चुकीचं उत्तर येता कामा नये, असा वेग छापला जातो. शिल्लक म्हणतात ती हीच. यादीतल्या गोष्टी पुन्हा वाचा. धूळ, डळमळती लाईन, तापलेली खोली. कंपनीने वाईट म्हणून जी परिस्थिती धरली, ती वऱ्हाडातला साधा उन्हाळा आहे. इथली शिल्लक आपण बायोसला, म्हणजे वेग-व्होल्टेज जिथे ठरतात त्या मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रामला, हात लावण्याआधीच हवामान खाऊन बसलेलं असतं.

१९९२ मध्ये इंटेलने ४८६ डीएक्स २ आणला आणि घराण्यात मोठा बदल झाला. मदरबोर्ड ३३ मेगाहर्ट्झवर चालायचा आणि प्रोसेसर आतल्या आत त्याची दुप्पट करून ६६ वर. तेव्हापासून वेग हा दोन आकड्यांचा गुणाकार झाला: बोर्डाचा ताल आणि प्रोसेसरचा गुणक. दोन्ही जंपर लावून बदलता येत. या सोयीचा पहिला मोठा फायदा मात्र लबाडांनी घेतला. कमी वेगाचे पेंटियम आणून त्यांच्यावरचे आकडे खरवडायचे, वरचे आकडे छापायचे आणि महागात विकायचे, असा धंदा जगभर चालला. इंटेलने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गुणकालाच कुलूप घातलं. भुर्दंड पडला तो हौशी माणसाला.

कुलूप गुणकाला होतं, बोर्डाच्या तालाला नव्हतं. ऑगस्ट १९९८ मध्ये सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातला प्रोसेसर आला आणि ओव्हरक्लॉकिंग लॅबमधून घरात शिरलं. त्याचा हिशोब ६६ गुणिले साडेचार, म्हणजे जवळपास ३००. बोर्डाचा ताल ६६ वरून १०० केला की तोच ४५० होई. त्याच महिन्यात इंटेलचा ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम २ आला होता. त्याची किंमत याच्या कितीतरी पट. सेलेरॉनच्या आत १२८ किलोबाइटची कॅश, म्हणजे हाताशी ठेवलेली जलद मेमरी, प्रोसेसरच्याच पूर्ण वेगाने चालत असल्याने पुष्कळ कामांत तो त्या महागड्या भावाच्या बरोबरीला येई. ज्या बोर्डांवर १०० ची सोय नव्हती, तिथे लोकांनी प्रोसेसरच्या बी-२१ क्रमांकाच्या जोडणीवर टेपचा तुकडा किंवा नेलपॉलिश लावून ती झाकली. जोडणी तुटली की बोर्ड समजे, हा १०० चाच प्रोसेसर आहे.

पण सेलेरॉनच्या गोष्टीतला खरा धडा १०० या आकड्यात आहे. मधले ७५ आणि ८३ हे आकडेही बोर्डांवर होते, आणि नवशिक्याला ते जास्त सुरक्षित वाटत. थोडंच तर वाढवायचं! प्रत्यक्षात तेच धोक्याचे. त्या काळी पीसीआय बस, म्हणजे बोर्डावरचे इतर भाग जोडणारी वाट, बोर्डाच्या तालाला भागून चालायची. ६६ ला दोनाने भागलं की ३३, हा तिचा कायदेशीर वेग. १०० ला तिनाने भागलं की पुन्हा ३३. पण ८३ ला दोनाने भागलं की साडेएकेचाळीस. प्रोसेसरने तक्रार केली नाही तरी त्या बसवर बसलेला हार्ड डिस्कचा कंट्रोलर चुका करू लागे, आणि फायली गुपचूप बिघडत. संगणक बंद पडला तर निदान कळतं तरी. बिघडलेली फाइल महिन्याभराने उघडताना कळते, तोवर तिची चांगली प्रत राहिलेली नसते. आजही मी कोणालाही ओव्हरक्लॉकिंग सुरू करण्याआधी पहिली गोष्ट सांगतो ती हीच, की आधी कामाच्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढ.

२००० मध्ये एएमडीच्या ड्युरॉन आणि थंडरबर्ड अथलॉनने या घराण्याला आणखी एक अवजार दिलं: शिसपेन्सिल. प्रोसेसरच्या पाठीवर एल-१ नावाचे तुटके पूल उघडेच होते. पेन्सिलीतलं ग्राफाइट वीज वाहून नेतं. त्या पुलांवर काळजीपूर्वक रेघा ओढल्या की गुणकाचं कुलूप उघडे. पुढच्या वर्षी अथलॉन एक्सपीमध्ये एएमडीने पुलांच्या जागी लेझरने खड्डे पाडले, तर लोकांनी खड्डे भरून रेघ ओढायला सुरुवात केली.

या सगळ्या खटपटीच्या वर एक भिंत उभी होती, आणि ती उष्णतेची. प्रोसेसर जी वीज खातो ती वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग दहा टक्के वाढवला आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेजही दहा टक्के वाढवलं, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे जवळजवळ तेहतीस टक्के जास्त वीज आणि तेवढीच जास्त उष्णता. दहा टक्के वेगासाठी तेहतीस टक्के ताप. शिवाय तापलेलं सिलिकॉन जास्त वीज गळू देतं, गळतीने ते आणखी तापतं. १९७४ मध्ये रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं, की ट्रान्झिस्टर लहान होत जाईल तसं व्होल्टेजही उतरवता येईल आणि ताप वाढणार नाही. तीस वर्षं उद्योग त्या भरवशावर धावला. २००५ च्या सुमारास गळतीमुळे तो भरवसा संपला. इंटेलने मे २००४ मध्ये तेजस या सांकेतिक नावाचा पुढचा पेंटियम ४ रद्द केला, आणि वर्षभरात दोन गाभ्यांचा पेंटियम डी बाजारात आणला. एकाला पळवण्यापेक्षा दोघांना चालवा, असा तो निर्णय होता.

हा मार्ग आपल्या माणसाने आधीच धरला होता. अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावी १९४६ मध्ये जन्मलेले विजय भटकर १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकचे प्रमुख झाले. अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला आडकाठी केली तो काळ. क्रे म्हणजे मोजके, पण अत्यंत वेगवान प्रोसेसर आणि त्यांना गार ठेवण्याचा अवाढव्य खटाटोप. १९८५ चा क्रे-२ तर अख्खा फ्लुरिनर्ट नावाच्या द्रवात बुडवलेला असे. भटकरांच्या चमूने बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर, म्हणजे एकमेकांना जोडता येणारे प्रोसेसर, घेतले, ते एकमेकांना जोडले आणि १९९१ मध्ये परम ८००० उभा केला. एकेक प्रोसेसर मध्यम वेगाचा, पण काम वाटून घेणारे पुष्कळ. तसं काम वाटून घेणं ही पुढे दीड दशकाने घरगुती संगणकाचीही रीत झाली. मूर्तिजापूरवरून अकोला-बडनेरा गाडीने जाताना मला याचा अभिमान वाटतो, आणि तो लपवायचं कारण मला दिसत नाही.

गाभे वाढले तरी शिलकीचा वाद मिटला नाही. खर्च करणारा बदलला. २००८ च्या अखेरीस आलेल्या कोअर आय-७ पासून प्रोसेसर टर्बो बूस्टने स्वतःच स्वतःला ओव्हरक्लॉक करू लागला. ताप आणि वीज मर्यादेत असेल तर तो वेग वाढवतो, मर्यादा आली की उतरवतो. जानेवारी २०११ मध्ये सँडी ब्रिजच्या पिढीत इंटेलने बोर्डाचा १०० मेगाहर्ट्झचा ताल जवळजवळ सगळ्या भागांना बांधून टाकला. तो वाढवण्याचे दिवस संपले. त्याऐवजी नावापुढे 'के' असलेले प्रोसेसर थोडे जास्त पैसे घेऊन गुणकाच्या उघड्या कुलपासह विकायला काढले. एएमडीने २०१७ पासून रायझनचे गुणक बहुतेक करून उघडे ठेवले. आजच्या नवशिक्याला ना पेन्सिल लागते ना नेलपॉलिश. बायोसमध्ये गुणक एकाने वाढवायचा, म्हणजे १०० मेगाहर्ट्झ वाढले.

हे सोपं झालं आहे म्हणूनच क्रम सांभाळावा लागतो. आधी कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, बदला. वाढीव वीज ओढताना आधी तो दगा देतो. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घराची अर्थिंग नीट करून घ्या, ओव्हरक्लॉकिंग त्यानंतर. बायोस अद्ययावत करा. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे प्रोसेसर कोणी काही न छेडताही अस्थिर होऊ लागले, कारण ते गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. कंपनीने ऑगस्टमध्ये सुधारित मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. जास्त व्होल्टेजने सिलिकॉन झिजतं, आणि ते भरून निघत नाही. म्हणून दुसऱ्या कोणाच्या प्रोसेसरचा व्होल्टेजचा आकडा आपल्या प्रोसेसरला लावू नये. दोन्ही चकतीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून आलेले असतात. व्होल्टेज तसंच ठेवून गुणक एकेक पायरी चढवा आणि प्रत्येक पायरीवर तपासा.

तपासायला प्राइम ९५ वापरतात. हा प्रोग्राम मर्सेन मूळसंख्या शोधण्यासाठी लिहिलेला आहे. ताण देण्याच्या कामी तो रुळला, कारण तो प्रोसेसरला भरपूर तापवतो आणि उत्तर काय यायला हवं हे त्याला ठाऊक असतं. अस्थिर प्रोसेसर दर वेळी बंदच पडतो असं नाही. तो बेरीज चुकतो. ती चूक इथे पकडली जाते. शेजारी एचडब्ल्यू इन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्राम उघडा ठेवून ताप बघा. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांची, रायझन ७००० ची ९५. माझं मत असं, की वऱ्हाडात नवशिक्याने ८५ ला थांबावं.

आणि तपासणी मे महिन्यात करावी. डिसेंबरच्या रात्री, अमरावतीत गारठा असताना जो वेग टिकला तो मे महिन्यात टिकेल याची खात्री नाही. साधा हिशोब करा. पात्यांचा पंखा चांगल्यापैकी असेल, दर वॅटला ०.३ अंश चढवत असेल, आणि प्रोसेसर १५० वॅट खात असेल, तर तो खोलीच्या ४५ अंश वर जाईल. खोली १८ ला असेल तर ६३. खोली ४२ ला असेल तर ८७, आणि सिलिकॉनच्या आतला एखादा बिंदू त्याहून वर. कुलर चालू असताना खोली तिशीच्या जवळ येते, पण लाईन गेली की इन्व्हर्टरवर पंखा आणि संगणक चालतात, कुलर बहुतेक घरांत बंद पडतो. खोली तापू लागते आणि संगणक तसाच चालू असतो. इथला सर्वांत कठीण क्षण हा. तपासणी त्याच अवस्थेत व्हायला हवी: दुपार, कुलर बंद.

कुलरची हवा थेट कॅबिनेटवर घेऊ नये. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरला आहे. नळाला धरणाचं पाणी येत असलं तरी कुलरमध्ये पुष्कळदा बोअरचंच पडतं. त्याच्या ताटीवर जो पांढरा थर बसतो, तो उडालेल्या थेंबांतून मदरबोर्डवरही बसतो, आणि पावसाळ्याची दमट हवा सुरू झाली की ते मीठ ओल धरतं. कुलर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकी थोडी उघडी, आणि पात्यांमधली धूळ उन्हाळ्याआधी एकदा ब्रशने साफ.

या घराण्याचं सर्वांत धाकटं मूल म्हणजे अंडरव्होल्टिंग, आणि वऱ्हाडासाठी तेच गुणी आहे असं मला मनापासून वाटतं. वेग तोच ठेवून व्होल्टेज थोडं उतरवायचं. वर्गाचं गणित आता आपल्या बाजूने चालतं: पाच टक्के कमी व्होल्टेज म्हणजे जवळपास दहा टक्के कमी वीज. प्रोसेसर गार राहिला की त्याचा टर्बो स्वतःहून जास्त वेळ वरच्या वेगावर टिकतो, म्हणजे मे महिन्यात वेग उलट वाढतो. रायझनमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर नावाने ही सोय बायोसमध्ये मिळते. इंटेलच्या अनेक लॅपटॉपांत मात्र २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट ही सुरक्षेतली फट उघड झाल्यानंतर तिला कुलूप लागलं. इथेही चुका होऊ शकतात, प्राइम ९५ इथेही चालवावं लागतं. पण बिघडलं तर संगणक पुन्हा सुरू होतो, प्रोसेसर झिजत नाही. बायोस अडकलाच तर मदरबोर्डवरचा क्लिअर सीमॉसचा जंपर जोडला की सगळं मूळ पदावर येतं.

बहुतेक बोर्डांवर अशा मांडण्या नावं देऊन साठवता येतात. दोन साठवाव्यात. एक उन्हाळ्याची: मूळ वेग, उतरवलेलं व्होल्टेज, पंखा पूर्ण. दुसरी दिवाळीनंतरची: गुणक दोन-तीन पायऱ्या वर. मार्च लागला की पहिली, नोव्हेंबरात दुसरी. मृगापासून दिवाळीपर्यंतही पहिलीच ठेवावी, कारण दमट हवेत कुलर खोली गार करत नाही.